पंचबाईंचे कान

रविवारी सकाळी कुणी पंचबाईंना शोधत घरी गेलं, तर सासूबाई दारातूनच सांगायच्या, "ती दाताच्या डॉक्टरकडे गेलीय." ऐकणारा हळहळायचा. दर रविवारी दात दुखतो म्हणजे काय! खरं तर पंचबाईंचे बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत होते. सेहेचाळिसाव्या वर्षीही त्या अक्रोड दातांनी फोडायच्या.

दवाखाना रविवारी बंद असायचा. त्या बंद दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या हातभर दाढेच्या चित्राखाली, चौघांची बैठक बसायची. डॉक्टर स्वतः, एक पोस्टमन, वाचनालय सांभाळणाऱ्या ग्रंथपालबाई आणि पंचबाई. मासिकांच्या टेबलावर रेकॉर्ड प्लेअर आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढे स्पीकर. त्यातून जे बाहेर यायचं ते गाणं नव्हे, यावर त्या इमारतीत दोन मतं नव्हती. पण सहा दिवस ड्रिलची किरकिर आणि पेशंटांचं विव्हळणं ऐकून शेजारी सरावले होते. एकदाच काय ते, वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेले आजोबा अनवाणी धावत खाली आले होते. "अहो, त्या माणसाला भूल तरी द्या!" म्हणाले.

हे चौघं हार्डकोर आणि मेटल ऐकणारे. ऐकणारे म्हणण्यापेक्षा त्यावरून भांडणारे. बाहेरच्याला सगळा एकच गोंगाट, यांच्या लेखी मात्र त्यात सख्खे, चुलत, सावत्र असा मोठा गोतावळा. नवखा कुणी आला तर पंचबाई त्याला समजेल असं सांगायच्या. हार्डकोर म्हणजे अंगणातलं भांडण, चहाला उकळी फुटायच्या आत संपणारं. थ्रॅश म्हणजे शिलाई मशीन, चालवणारीला गाडी गाठायची घाई. डूम म्हणजे जड कपाट फरशीवरून ओढत नेतात तसं. स्लज म्हणजे तेच कपाट चिखलातून. ब्लॅक मेटल म्हणजे बंद दाराबाहेर सुटलेलं वादळ. आणि ग्राइंडकोर म्हणजे चमच्यांचा अख्खा खण जिन्यावरून खाली. आता ती शिलाई मशीन अंगणातल्या भांडणात शिरली, तर त्याला हार्डकोर म्हणायचं की थ्रॅश, या प्रश्नावरून पोस्टमन आणि डॉक्टर एकदा सतरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. पत्रं तेवढी दाराखालून सरकवली जात होती.

बैठकीची रीत ठरलेली होती. एकाने रेकॉर्ड आणायची, वेष्टन दाखवायचं नाही. एक गाणं लावायचं. मग प्रत्येकाने आपलं मत सांगायचं, दुसऱ्याचं खोडायचं, खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं. शेवटी पंचबाईंनी निकाल द्यायचा, आणि त्याप्रमाणे ती रेकॉर्ड औषधांच्या जुन्या कपाटातल्या त्या त्या खणात जायची. निकाल दिला म्हणून भांडण मिटायचं असं मुळीच नाही. खरं भांडण तिथून सुरू व्हायचं. पोस्टमन तर निकालाची वाटच पाहायचा. "पंचबाई, मान राखून सांगतो, तुम्हाला यातलं ओ का ठो कळत नाही," असं म्हणून तो जो सुटायचा तो जेवायच्या वेळेपर्यंत.

पंचबाई स्वतः एका नियमाला पक्क्या होत्या. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत त्या तोंड उघडायच्या नाहीत. "वाजत असताना माणूस त्याच्या नादी लागतो," त्या म्हणायच्या. "संपलं, की मग कळतं काय होतं ते."

ही शिस्त त्यांना कारखान्याने लावली होती. एकोणिसाव्या वर्षी त्या कपबश्यांच्या कारखान्यात लागल्या, ते भट्टीच्या खोलीत. भट्टी दिवसभर घरघरायची. भट्टीवाले काका तिथे टेपरेकॉर्डर लावायचे, आणि त्या घरघरीवर मात करून ऐकू येईल असं एकच संगीत जगात होतं. पहिले दोन आठवडे पंचबाईंचं डोकं उठलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की या गदारोळात प्रत्येक वाद्य वेगळं आहे, थप्पीतल्या ताटल्यांसारखं. एक नखाने वेगळी काढता आली, की बाकीच्या आपोआप मोजता येतात. काका निवृत्त झाले तेव्हा टेपांचं खोकं त्यांनी पंचबाईंच्या हवाली केलं. "तुला कान आहे पोरी," म्हणाले.

कान आहे म्हणूनच त्यांना तपासणीच्या टेबलावर बढती मिळाली. तिथलं काम असं, की भाजून आलेला कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी काडीने काठावर हलकेच टिचकी द्यायची. कप धड असेल तर स्वच्छ, लांब नाद येतो. डोळ्यांना न दिसणारा केसाएवढा तडा असेल, तरी नाद मध्येच बसतो. कधी कधी अगदी शेवटी बसतो. म्हणून नाद पार विरल्याशिवाय कप खाली ठेवायचा नाही. दिवसाला हजारभर कप, बावीस वर्षं. त्यांच्या हातून तडकलेला कप पुढे गेला, अशी एकही तक्रार कधी आली नव्हती.

आणि अशा बाईंना एक दिवस सांगण्यात आलं, की तुम्हाला ऐकू येत नाही.

झालं असं, की कारखान्यात कामगारांचे कान तपासायला एक गाडी आली. गाडीत फोन बूथसारखी छोटी खोली. आत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण धरायचं. "आवाज आला की दाबा," एवढं सांगून तपासनिसाने दार लावलं. बाहेर चाळीस माणसांची रांग होती.

पंचबाई टेकून बसल्या, डोळे मिटले. काहीतरी बारीक वाजल्यासारखं झालं. हा तोच आवाज, की गाडीतल्या पंख्याचा? की भट्टीचा, जो सुट्टीच्या दिवशीसुद्धा कानात राहतो? नीट ऐकून घ्यावं. त्यांनी ऐकून घेतलं. खात्री पटेपर्यंत तो विरून गेला होता. आता गेलेल्या आवाजाला बटण कसं दाबायचं? त्यांनी पुढच्याची वाट पाहिली. पुढचा आला, त्यापुढचा आला. मोठे, धडधडीत आवाज आले तेव्हा त्यांनी बिनदिक्कत बटण दाबलं. बाकीचे संशयाचे म्हणून सोडून दिले. बाहेर आल्या तेव्हा परीक्षा चोख दिल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

चार दिवसांनी सुपरवायझरने बोलावून कागद हातात ठेवला. दोन्ही कानांनी ऐकण्याची क्षमता बरीच कमी. मोठ्या इस्पितळात फेरतपासणी करून घ्यावी. तिथली तारीख मिळाली दोन आठवड्यांनंतरची.

"तोपर्यंत पॅकिंगला बसा बाई," सुपरवायझर म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्याने नजर टेबलावर ठेवली. "इस्पितळाचा कागदही असाच आला, तर मग पॅकिंगच. माझ्या हातात काही नाही."

छापील कागदाची गंमत अशी, की माणूस स्वतःपेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो. त्या दिवसापासून पंचबाईंना खरंच सगळं हळू ऐकू यायला लागलं. पॅकिंगच्या टेबलावर कागद, पेंढा आणि खोकी, कशालाच आवाज नाही. एकदा एक कप गुंडाळताना सवयीने त्यांनी नखाने टिचकी मारली. नाद शेवटी बसला. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा बसला. कपाला तडा आहे, असं बावीस वर्षांचा हात सांगत होता. पण मनात आलं, कप चांगलाच असेल, बसले असतील ते माझे कान. त्यांनी तो कप कागदात गुंडाळला आणि खोक्यात ठेवला. त्या दुपारी त्यांना डबा गेला नाही.

घरी वेगळाच तमाशा. नवरा बस चालवायचा. दिवसभर हॉर्न ऐकून आलेला तो माणूस घरी मुळातच कमी बोलायचा. आता तो बायकोसमोर उभा राहून, ओठ फाकवून, एकेक शब्द सुटा करून ओरडायचा, "चहाऽऽ! घेणाऽऽर काऽऽ?"

"अहो, इथंच बसलेय मी."

"तरी मी सांगत होतो! वीस वर्षं सांगत होतो, तो कालवा कानात घालू नकोस. गेले ना कान? मला वाटायचं, बाईला छंद आहे तर असू दे..." आणि पुढे त्याचा आवाज असा चिरकला, की तो भांडी घासायला निघून गेला. लग्नानंतर पहिल्यांदा.

सासूबाईंना मात्र मनातून बरं वाटलं होतं. त्यांना स्वतःला दहा वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. "घाबरू नकोस गं," सुनेचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "सवय होते. नको असलेलं पुष्कळ कानावर येत नाही. आता दोघी मिळून टीव्ही मोठा लावू."

पंचबाई हसल्या खऱ्या, पण स्वयंपाकघरात जाऊन पदर डोळ्यांना लावला. नवरा म्हणतो ते खरं असलं तर? ज्याने आयुष्यभर आनंद दिला त्यानेच हे घेतलं असलं तर, दोष द्यायचा कुणाला?

पण सगळ्यात वाईट रविवार होता.

पोस्टमनला सगळं आधीच कळलं होतं. पोस्टमनला कळत नाही असं काय असतं! त्याने ते डॉक्टरांना आणि ग्रंथपालबाईंना सांगितलं. पंचबाई दवाखान्यात शिरल्या, तर त्यांच्यासाठी स्पीकरजवळची खुर्ची रिकामी ठेवलेली. आवाज नेहमीपेक्षा मोठा. पोस्टमनने रेकॉर्ड लावली. गाणं संपलं. पंचबाईंनी भीत भीत सांगितलं, "मला वाटतं, डूम."

एरवी अशा वेळी तिघंही एकदम बोलायचे. आज डॉक्टर म्हणाले, "बरोबर." ग्रंथपालबाईंनी मान हलवली. पोस्टमन उठला आणि निमूटपणे रेकॉर्ड डूमच्या खणात ठेवून आला.

दुसरी रेकॉर्ड लागली. तेच. तिसरी लागली. तेच. पुढच्या रविवारीही तेच. पंचबाईंनी मग मुद्दाम एक केलं. शेवटची रेकॉर्ड होती सरळसोट हार्डकोर. अंगणातलं भांडण, कुणाही शेंबड्या पोराला ओळखता येईल असं. ती संपल्यावर पंचबाई म्हणाल्या, "ब्लॅक मेटल."

पोस्टमनच्या मानेची शीर उडताना त्यांना दिसली. याच माणसाने एकदा एका ढोलाच्या ठोक्यावरून रुसून चहा न घेताच घर गाठलं होतं.

"असेल बुवा," पोस्टमन म्हणाला. "तुम्ही म्हणता म्हणजे असेल."

पंचबाईंनी पर्स उचलली, घरी काम आहे म्हणाल्या आणि जिना उतरल्या. खालच्या पायरीवर त्या बराच वेळ बसून राहिल्या. पॅकिंगचं टेबल त्यांनी गिळलं होतं. नवऱ्याचं ओरडणंही गिळलं होतं. पण आपण चुकलो तरी आपल्याशी कुणी भांडत नाही, हे काही गिळवेना. माणसं जिवंत माणसाशी भांडतात. आजाऱ्याला हो म्हणतात.

इस्पितळाच्या तारखेला त्या एकट्याच गेल्या. नवऱ्याने रजा टाकतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. बाकावर बसून त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. देवा, सगळं परत दे असं म्हणत नाही. जेवढं ठेवलं असशील तेवढ्यात भागेल, एवढं बघ.

कान तपासणारी मुलगी तिशीच्या आतबाहेरची, डोळ्यांखाली काळं आलेली, पण हात शांत. तिने पंचबाईंना काचेच्या खोलीत बसवलं आणि स्वतः काचेपलीकडे यंत्रापुढे बसली. पुन्हा हेडफोन, पुन्हा बटण. पंचबाईंनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी तर आणखी सावधपणे ऐकायचं, चूक होता कामा नये.

पाचेक मिनिटांनी मुलगी दार उघडून आत आली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"मावशी, एक विचारू? आवाज आला, की तुमची मान डावीकडे कलते. प्रत्येक वेळी. अगदी बारीक आवाजालासुद्धा. आणि तो संपला की सरळ होते."

"असेल."

"म्हणजे तुम्हाला ऐकू येतंय! मग बटण का नाही दाबत?"

"दाबते की. खात्री झाली की दाबते."

"कसली खात्री?"

"तो आवाजच होता याची. पंखा नव्हता, भास नव्हता याची. आणि तो पुरा झाल्याशिवाय कसं सांगणार?"

मुलीने विचारलं, "मावशी, तुम्ही काम काय करता?"

पंचबाईंनी कपांचं सांगितलं. लाकडी काडी, तीन बोटं, विरणारा नाद. मग भीत भीत रविवारचंही सांगितलं, कारण डॉक्टरपासून लपवू नये. चमच्यांचा खणही सांगितला. मुलगी आधी गालात हसली, मग खोखो हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "अहो, इथे निकाल द्यायचा नाहीये! वाजलं असं नुसतं वाटलं, तरी दाबा. चुकीचं दाबलंत तरी चालेल. मी आहे ना बघायला."

"चुकीचं दाबलं तरी चालेल?"

"चालेल. थोडं चुकाच."

बावीस वर्षांत त्यांना असं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या काही वेळा त्यांनी बटण जपून जपून दाबलं. मग अंगठा सैल झाला. कुठूनतरी लांबून एक सूर आला, दाबलं. त्याहून बारीक आला, दाबलं. एक तर इतका पुसट होता, की आला की नाही देव जाणे, तरी दाबलं.

मुलीने यंत्रातून निघालेला कागद त्यांच्यापुढे धरला. "उत्तम. वरच्या एका पट्टीत किंचित कमी आहे, ते तुमच्या वयाला धरून. रविवारी आवाज जरा बेताने ठेवा आणि भट्टीजवळ जाताना कानात बोळे घाला. बाकी माझ्यापेक्षा तुमचे कान चांगले."

पंचबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कागद घेतला, उलटसुलट केला, आणि एकदम म्हणाल्या, "म्हणजे त्या कपाला तडाच होता!"

"कुठल्या कपाला?"

"काही नाही, काही नाही. देव तुझं भलं करो बाई."

बाहेर पडल्यावर रस्ता त्यांच्या अंगावर आला. सायकलची घंटी, दुकानाचं वर जाणारं शटर, कुणाचीतरी खोकल्याची उबळ, पायाखालची बारीक खडी. दोन आठवडे हे सगळं इथेच होतं आणि त्यांनी त्यातल्या एकालाही हो म्हटलं नव्हतं. घरी नवरा दारात उभा, ओठ फाकवून तयार. "कायऽऽ म्हणाऽऽले?"

"ओरडू नका," पंचबाई म्हणाल्या. "आणि तुमच्या घड्याळाची किल्ली संपत आलीय, टिकटिक मंदावलीय."

तो मटकन पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागला. सासूबाई आतून ओरडल्या, "काय झालं गं?" त्यांना मात्र खरंच मोठ्याने सांगावं लागलं. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, जरा नाराज होऊन.

सोमवारपासून टेबल परत मिळणार होतं. पण त्याआधी रविवार होता.

पंचबाई गेल्या, स्पीकरजवळच्या खुर्चीत बसल्या. पोस्टमनने रेकॉर्ड लावली, गाणं संपलं, तिघंही हसऱ्या, समजूतदार चेहऱ्याने त्यांच्याकडे बघायला लागले. पंचबाईंनी पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी तो उचलला, चष्मा सावरला, आलेखावरून बोट फिरवलं. मग पोस्टमनकडे दिला. पोस्टमनने दोनदा वाचला. ग्रंथपालबाईंनी त्याच्या खांद्यावरून डोकावलं.

"म्हणजे," पोस्टमन हळूच म्हणाला, "कान चांगले आहेत?"

"ठणठणीत."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

पोस्टमनचा चेहरा आधी उजळला, मग लाल झाला, मग आणखी लाल झाला. "आणि ठणठणीत कानांनी तुम्ही त्याला ब्लॅक मेटल म्हणालात? ब्लॅक मेटल? आठवडाभर मला झोप नाही! पत्रं चुकीच्या घरात टाकतोय मी!"

"आणि त्याच्या आधीच्या रविवारचं ते डूम!" डॉक्टर उसळले. "ते डूम कुठल्या जन्मी होतं हो? नुसतं संथ वाजवलं म्हणजे डूम होतं? उद्या माझी आजी चालेल, तिलाही डूम म्हणाल!"

"मी दोन्ही रविवारी जीभ चावून बसले होते." हे ग्रंथपालबाई. सबंध आयुष्य इतरांना हळू बोला सांगण्यात गेलेल्या या बाईंचा आवाज इतका चढला, की वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. "एकही निकाल बरोबर नव्हता. एकही! सगळे रद्द करा!"

पोस्टमनने कपाट उघडून रेकॉर्डी बाहेर ओढायला सुरुवात केली. डॉक्टर त्यातली एक त्याच्या हातातून हिसकावत होते. तिघंही एकाच वेळी बोलत होते, कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं, आणि पंचबाईंना प्रत्येकाचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. डोळे पाझरायला लागले तसे त्यांनी ते मनगटाने पुसले.

"पंचबाई, मान राखून सांगतो," पोस्टमन डूमच्या खणातली रेकॉर्ड नाचवत त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला, "तुम्हाला यातलं ओ का ठो कळत नाही! हे स्लज आहे. डूम नव्हे. स्लज!"

पंचबाई सरसावून बसल्या. रेकॉर्ड पुन्हा लावून शेवटचा सूर विरेपर्यंत ऐकायची, मगच बोलायचं, असा त्यांचा नियम होता, पण इस्पितळातल्या मुलीने थोडं चुका असं सांगितलं होतं.

"स्लज?" त्या ओरडल्या. "याला स्लज म्हणतोस? जा, आधी स्वतःचे कान तपासून घे जा!"